रूथबाईंचं उघडं स्तोत्र

रूथबाई देवाशी भांडायच्या, आणि भांडण झालं की हात धुऊन जेवायला बसायच्या. भांडण अर्धवट टाकून कधी उठायच्या नाहीत आणि त्यापायी उपाशीही राहायच्या नाहीत. मी नगरकडची. आमच्याकडे देवापुढे डोळे मिटून, हळू आवाजात, "प्रभू, सर्व तुझी कृपा" असं म्हणायची रीत. त्यामुळे पहिल्या रविवारी प्रार्थनाघरात या बाईंनी मांडीवर थाप मारून, मान डावीकडे कलती करून, वर कौलांकडे बघत "आता माहं आयक" अशी सुरुवात केली, तेव्हा मला वाटलं की कौलांवर कुणी माणूस चढलाय आणि त्याला त्या दटावताहेत.

आरमोरीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर, वैनगंगेच्या काठी, मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. आमचे हे तिथे कंपाउंडर म्हणून लागले आणि त्यांच्या मागोमाग मी आले. तेव्हा चांदा जिल्हा म्हणजे आमच्या गावाला नकाशातसुद्धा न दिसणारी जागा. माझी शाळा चौथीनंतर सुटलेली. गाव सोडून कधी कुठे गेले नव्हते. इथे सगळ्याचीच भीती. जंगलाची, तापाची, नदीची, आणि दोन्ही वेळा पानात पडणाऱ्या भाताची. भात खाऊन पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. भाकरी आठवायची आणि मग आई आठवायची.

रूथबाई दवाखान्यातल्या रोग्यांचा स्वयंपाक करायच्या. उंच, हाडापेराने मोठ्या, रुंद कपाळ, कमरेला तंबाखूची चंची. तिकडच्या बाया स्वतःबद्दल बोलताना "मी जातो, मी येतो" असंच म्हणतात. त्यामुळे त्यांचा आवाज पडवीतून आला की कुणी गडी बोलतोय असं वाटे. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "नगरवाली" म्हणायच्या.

आल्या आल्याच एकदा मी त्यांच्या चुलीपाशी रडले. कशावरून ते आता आठवत नाही. रडायला तेव्हा कारण लागत नसे. त्यांनी विचारलं तर मी म्हणाले, काही नाही, सगळं ठीक आहे.

"ठीक आहे त रडून काऊन राह्यली?" त्या म्हणाल्या. "ठीक असल्याची खबर देवाले पाह्यजे नाई. बिघडलं काय ते सांग. येत्या रविवारी एक ओळ घेऊन ये."

तेव्हा मला त्या वस्तीची रीत कळली. वस्ती म्हणजे दहाबारा ख्रिस्ती घरं, धानाची शेती करणारी. पाद्रीसाहेब तालुक्याहून सायकलवर महिन्याकाठी एकदा येत आणि पुस्तकातली स्तोत्रं वाचून दाखवत. उरलेले रविवार या लोकांचे. त्या रविवारी ते आपली स्वतःची स्तोत्रं म्हणत. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. पुस्तकातल्यांना रूथबाई नावं ठेवत नसत. मन लावून ऐकत, एखाद्या ओळीला "बराबर बोलला" अशी दादही देत. पण त्या म्हणत, "त्या लोकायनं त्यायची दुखनी सांगितली. आपली कोन सांगन? त्यायले काय मालूम, इथी डुकरं किती आहेत?"

ज्याचं दुखणं त्याने पहिली ओळ आणायची. मग रूथबाई तिला दुसरी जोडून द्यायच्या, किंवा त्याच्याकडूनच काढून घ्यायच्या. दोन ओळी म्हणजे त्यांच्या लेखी बैलजोडी. एकाच जुवाखाली, एकाच चालीने, पण बैल दोन. दुसऱ्या ओळीने पहिलीचंच ओझं ओढायचं, मात्र आपल्या खांद्याने. नुसतीच तीच गोष्ट पुन्हा म्हटली की त्या हात वर करून थांबवायच्या: हा तोच बैल झाला, दुसरा आण.

माझी पहिली ओळ होती, इथलं पाणी मला गोड लागत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. दुसरी ओळ काही सुचेना. रूथबाईंनी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने माझ्या तोंडून आलं, माझ्या आईचा आवाज इथवर पोचत नाही. त्यांनी मांडीवर थाप मारली, आणि सगळ्या वस्तीने माझ्या त्या दोन ओळी माझ्याबरोबर म्हटल्या. परक्या मुलखात, परक्या तोंडांतून, माझी आई. घरी आल्यावर त्या मुलखात पहिल्यांदाच मला जेवल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी कुठून तरी ज्वारीचं पीठ आणून माझ्यासाठी भाकरी थापली. आयुष्यभर भात रांधलेली ती बाई; भाकरी बोटभर जाड झाली आणि तव्यावरच तिचे चार तुकडे झाले. "तुमच्याकडे अशीच असते ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. ती भाकरी जवसाच्या चटणीबरोबर मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. नंतर मी कितीतरी चांगल्या भाकरी खाल्ल्या आहेत, पण कुठलीही खाताना मला त्या तुकड्यांची आठवण येतेच.

स्तोत्रांचा हा उद्योग वस्तीबाहेरही माहीत होता. सोमाजी म्हणून एक हिंदू शेतकरी शेजारीच राहायचा. रानडुकरांनी त्याचं उभं धान लोळवलं होतं. तो एका दुपारी येऊन बसला आणि म्हणाला की बाईंनी आपल्या देवाच्या कानावर त्याची तक्रार घालावी.

"तुहा देव काय झोपला आहे?" रूथबाई म्हणाल्या. "गावाच्या शिवेवर बसला आहे तो, डुकरं त्याच्याच समोरून जातात. त्यालेच सांग. ओळी मी जमवून देतो."

सोमाजीने घसा खाकरून म्हटलं, डुकरानं माहं धान खाल्लं. मग दुसरी ओळ म्हणून तेवढ्याच गांभीर्याने म्हटलं, डुकरानं माहं धान खाल्लं.

"हा तोच बैल झाला."

"बाई, डुक्करही तोच होता," सोमाजी म्हणाला.

रूथबाई इतक्या हसल्या की त्यांना तंबाखू थुंकायला बाहेर जावं लागलं. शेवटी दोघांनी मिळून दुसरी ओळ केली: रातभर मी राखन करतो, सकाळी तूस गोळा करतो. पुढे सोमाजी शेतातल्या मचाणावर बसून ते खड्या आवाजात म्हणायचा. डुकरं थांबली नाहीत. पण तो म्हणाला, आता कंटाळा तरी येत नाई.

हे झालं तक्रारीचं. पण स्तोत्र तेवढ्याने पुरं होत नसे. तक्रारीच्या शेवटी एक ओळ यायची, तिची सुरुवात "तरी पन" अशी. माझा बैल लंगडा आहे, माझं शेत उतारावर आहे, तरी पन... आणि पुढे जे काही खरंच मनात उगवेल ते. ही ओळ ज्याचं दुखणं त्यानेच म्हणायची. ती आली की स्तोत्र मिटलं. आली नाही तर स्तोत्र उघडं राहिलं. उघडं असायला कुणाची हरकत नव्हती. दर रविवारी सगळे मिळून ते म्हणत, आणि शेवटच्या ओळीच्या जागी एका श्वासाएवढं थांबत. मग पुढचं स्तोत्र. कुणी त्या माणसाकडे बघायचं नाही, कुणी आठवण करून द्यायची नाही. कुणाकुणाची ओळ चार पावसाळ्यांनी यायची. माझी तिथे असेपर्यंत आलीच नाही.

फक्त एका वेळी दुसऱ्याने ती ओळ म्हटलेली चालत असे. माणूस गेला आणि त्याचं स्तोत्र उघडंच राहिलं असलं, तर मातीच्या वेळी घरच्यांपैकी कुणीतरी त्याच्या वतीने ते मिटायचं. कुंपणाचं फाटक उघडं टाकून शेतकरी घरी जात नाही, अशी त्यामागची समजूत.

रूथबाईंचं स्वतःचं स्तोत्र उघडं होतं. ते असं:

धानाले तू पानी देतो, तनालेही देतो,
माह्या पोराच्या पायाले वाट काऊन देत नाई?
मी दार लावत नाई, त कुत्रं आत येते,
मी ताट झाकून ठेवतो, त मुंग्या खाऊन जातात.

आणि मग तो श्वास. सगळी स्तोत्रं चालवणारी बाई आपल्याच स्तोत्राच्या शेवटी तोंड मिटून बसायची.

हकिकत मला दीनाबाईंनी सांगितली. दीनाबाई म्हणजे रूथबाईंची शेजारीण, मैत्रीण आणि रोजची भांडणाची सोबतीण. एकमेकींच्या आंबाडीच्या भाजीला नावं ठेवल्याशिवाय दोघींचा दिवस जात नसे. त्या म्हणाल्या, रूथचा नवरा इस्राएलभाऊ. त्याच्या जोडीतला एक बैल वाघाने नेला. माणूस शांत, पण त्या दिवसापासून बदलला. त्याने एक स्तोत्र केलं, आणि ते वस्तीत सगळ्यांना पाठ होतं:

तू वाघाले भूक देली, मले बैल देला,
दोन्ही तुहेच, त मधात मले कशाले ठेवला?

"तरी पन" त्याने शेवटपर्यंत म्हटलं नाही. तापाने गेला तोही तसाच, भिंतीकडे तोंड करून. मातीच्या वेळी रूथबाईंनी रीतीप्रमाणे त्याचं स्तोत्र मिटलं. त्यांनी म्हटलं, तरी पन तुह्या रानात मी सुखी होतो.

त्यांचा एकुलता मुलगा योहान खड्ड्याच्या पलीकडे उभा होता. जवान पोरगा. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा सुखी नोहता. बाबा रागात गेला. त्याच्या तोंडात तू काऊन बोलली?"

रूथबाईंनी त्याला गप्प बसायला सांगितलं. तो म्हणाला, त्याच्यापाशी त्याचा राग तेवढा होता, तोही तुम्ही पुरून टाकला. आणि माती न टाकता निघून गेला. कुणीतरी सांगितलं की बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत लागला. रूथबाईंनी कळवलं की येऊन बापाच्या मातीपाशी उभा राहा, माफी माग, मग घर तुझंच आहे. तो आला नाही. या गेल्या नाहीत. ताट मात्र रोज झाकलेलं असायचं. मी ते डोळ्यांनी बघितलं आहे. सकाळी त्या ते कोंबड्यांपुढे ओतत.

एवढंच त्यांच्या जिवाला लागलेलं होतं. बाकी त्या हसत, ओरडत, रोग्यांना दामटून पेज पाजत. एक म्हातारा रोगी पेज नको म्हणाला तर त्याला त्यांनी सांगितलं की मरायचं असेल तर आधी वाटी रिकामी कर, मला ती घासायची आहे. तो बरा होऊन घरी गेला.

मग त्या वर्षीचा कापणीचा सण आला. धान घरात आलेलं, नव्या तांदळाचा वास सगळ्या वस्तीला. पहिली पेंढी आणून वेदीपाशी ठेवतात, सगळी स्तोत्रं म्हणतात, आणि मग एकत्र जेवण. दीनाबाईंच्या घरी त्याच आठवड्यात नातू झाला होता. त्या आनंदात होत्या, आणि आनंदात माणसाला दुसऱ्याची रिकामी जागा बघवत नाही. रूथबाईंचं स्तोत्र आलं. मुंग्या खाऊन जातात, इथवर सगळ्यांनी म्हटलं. मग तो थांबायचा श्वास. आणि त्या श्वासात दीनाबाई मोठ्याने, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या:

"तरी पन तू देतो ते गोड, तू नेतो तेही गोड."

ओळ वाईट नव्हती. कुणीही मान डोलवली असती. पण कुणी हललं नाही. एका जिवंत बाईचं स्तोत्र दुसरीने मिटलं होतं, आणि ते कधी करतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दीनाबाईंना स्वतःला ते कळलं तेव्हा त्यांनी पदर तोंडावर धरला, पण ओळ तर बाहेर पडून गेली होती.

 रूथबाईंनी पुढचं स्तोत्र सुरू केलं. पंगतीत भात वाढला, सगळ्यांना आग्रह केला. दीनाबाईंच्या पानापाशी आल्या तेव्हा वाकून एवढंच म्हणाल्या, "माती टाकाची राह्यली दीने. तेही आटपून घे." हसत म्हणाल्या. 

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या चुलीपाशी गेले तर पातेलं चढवलेलं नव्हतं. रूथबाई मोकळ्या हाताने बसल्या होत्या. त्यांना तसं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला घाबरायला झालं. मी म्हणाले, दीनाबाईंच्या मनात वाईट नव्हतं. त्या म्हणाल्या, मले मालूम आहे.

मग चुलीकडे बघत:

"पोरी, काल माह्या तोंडात दुसऱ्याचा घास आला. चांगला घास होता. पन थुंकताही येत नाई आन गिळताही येत नाई. मी इस्राएलच्या तोंडात असाच कोंबला होता. त्याले त बिचाऱ्याले थुंकताही येत नोहतं. पोरगा तेच सांगून राह्यला होता."

 माझ्यासारख्या भित्र्या माणसाला गप्प बसणं तेवढं जमतं, आणि त्या दिवशी ते उपयोगी पडलं असावं. त्या उठल्या, पातेलं चढवलं, तांदूळ धुतले. धुता धुता म्हणाल्या की आता मी मेलेलीच आहे तर मेलेल्याला कसला मान. माफी त्याने मागायची होती म्हणून मी बसून होतो. आता मीच जातो.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की आधी माणूस पाठवून चौकशी करू, तो तिथे आहे की नाही तेही माहीत नाही. वस्तीतले लोक म्हणाले, इतक्या वर्षांनी तो ओळख देईल कशावरून. रूथबाई प्रत्येकाला "हो, बराबर आहे" म्हणाल्या आणि गाठोडं बांधत राहिल्या.

नदीपलीकडे जाऊन ब्रह्मपुरीला छोटी आगगाडी धरायची, तिने चांदा, तिथून पुढे बल्लारपूर. आम्ही नदीवर डोंग्यापर्यंत पोचवायला गेलो, मी आणि दीनाबाई. सकाळचं धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. वाटभर दोघींचं भांडण चाललं होतं, कारण दीनाबाईंनी नव्या तांदळाचं एवढं मोठं गाठोडं करून आणलं होतं की रूथबाई म्हणाल्या, मी पोराले भेटाले जाऊन राह्यलो का खाणीतल्या लोकायचं लग्न आहे. शेवटी काठावर आल्यावर दीनाबाईंनी ते गाठोडं डोंग्यात ठेवलं आणि खाली बघून म्हणाल्या:

"रूथ, मी ते शब्द वापस घेतो."

"बोललेलं वापस होत नाई वो. ऱ्हाऊ दे."

"त्याले काय सांगशील?"

रूथबाईंनी चंची काढली, तंबाखू मळली, दीनाबाईंच्या हातावर चिमूटभर ठेवली. मग म्हणाल्या, "काई नाई सांगत. सांगाचं ते त्यालेच आहे."

डोंगा धुक्यात गेला. आधी माणसं दिसेनाशी झाली, मग वल्ह्याचा आवाज. दीनाबाई तिथेच वाळूत बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. परत येताना त्यांनी मला नातवाच्या सर्दीवर काय द्यावं ते विचारलं आणि मी यांना विचारून सांगते म्हणाले.

रूथबाई त्या महिन्यात आल्या नाहीत, पुढच्यातही नाही. कोळशाच्या गाड्यांवर काम करणारा कुणी आरमोरीच्या बाजारात भेटला, तो म्हणाला की अशी एक उंच बाई खाणीच्या चाळीत कुणाच्या तरी दाराबाहेर बसलेली बघितली होती. आत होती का बाहेर, हे दीनाबाईंनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. तो म्हणाला, बाहेर. त्यापुढे काही कळलं नाही. रविवारी आम्ही त्यांचं स्तोत्र म्हणायचं की नाही यावर वस्तीत बोलणं झालं. मिटलेलं पुन्हा उघडायची रीत नव्हती, आणि मिटलं असं म्हणायलाही कुणाची जीभ वळेना. तेव्हा ते तसंच बाजूला राहिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला यांना नगरकडे काम मिळालं. ज्या दिवसासाठी मी इतकी वर्षं झुरले तो दिवस आला, आणि छोट्या गाडीत बसल्यावर मी सिंदेवाहीपर्यंत खिडकीतून मागेच बघत होते. हे म्हणाले, तुला नक्की कुठे जायचंय. 

चांद्याला गाडी बदलून आम्ही वर्ध्याकडच्या गाडीत बसलो. गर्दी होती, उकाडा होता. गाडी सुटायच्या बेतात असताना मी समोरच्या फलाटाकडे बघितलं. तिथे बल्लारपूरकडे जाणाऱ्या माणसांची दाटी होती, आणि एका खांबाच्या सावलीत, गाठोड्यावर रूथबाई बसल्या होत्या. वाळल्या होत्या. त्यांच्यासमोर एक माणूस उभा होता. अंगावर कोळशाने काळवंडलेला सदरा, रुंद कपाळ, हुबेहूब बाईंचं. योहानला मी कधी बघितलं नव्हतं. ओळखायला तशी गरजही नव्हती.

तो बोलत होता. शब्द ऐकू येत नव्हते, मधे दोन रूळ आणि सगळा गलका. पण तो हात उडवून, पुढे वाकून, छातीवर बोट ठेवून बोलत होता. पुष्कळ दिवसांचं साठलेलं बोलतात तसा. मधेच थांबला, पलीकडे बघितलं, पुन्हा वळून बोलायला लागला. आणि रूथबाई, ज्या हात वर करून भल्याभल्यांना थांबवायच्या, त्या मान खाली घालून ऐकत होत्या. त्याच्या सदऱ्याचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. गाडी हलली. यांनी विचारलं, कोण आहे. मी खिडकीच्या गजांना कपाळ लावून मागे बघत राहिले. खांब आड आला, पुन्हा दिसलं, मग मालगाडीचे डबे आड आले. तोवर त्याचं बोलणं संपलं नव्हतं.